हेवी लायसन्स आलं, आता कुणाच्या गाडीवर लागायचं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायव्हिंग स्कूल संपवून नवीन पोरं येतात आणि तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. हे फक्त मालाच्या गाड्यांबद्दल आहे आणि महाराष्ट्रातून गाडी भरणाऱ्यांसाठी आहे. बस, टॅक्सी, स्कूलबसचं गणित वेगळं, ते इथे नाही.

सगळ्यात जास्त पगार देतो त्याच्याकडेच जावं ना?

पगार किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, कापतात काय. समजा एक शेठ २५ हजार बोलतो, दुसरा २० बोलतो. तुम्ही २५ वाल्याकडे जाता आणि महिनाअखेरीस हिशोबाला बसलं की डिझेल कमी पडलं त्याचे कापले, टायर फुटला त्याचे अर्धे कापले, माल उतरवताना दोन गोणी फाटल्या त्याचे कापले, ऑनलाईन चलन आलं ते पण तुमच्याच डोक्यावर, आणि हातात येतात सोळा. २० वाला काहीच कापत नसेल तर तोच परवडला.

म्हणून आधीच तोंडावर विचारायचं: टायर कुणाचा, चलन कुणाचं, मालाचं शॉर्टेज कुणाचं, हमाली-वाराई (माल चढवा-उतरवायचे पैसे) कुणाची. जो मालक याची सरळ उत्तरं देतो त्याच्याकडे पहिलं वर्ष काढायला हरकत नाही, भले दोन-चार हजार कमी असतील. जो म्हणतो "अरे ते बघू नंतर, आपण काय परके आहोत का", तिथून चहा पिऊन निघायचं.

लायसन्सवर नक्की काय पाहिजे?

थोडक्यात. हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही, वय २० पूर्ण लागतं, मेडिकल लागतं आणि स्कूलचं फॉर्म ५ सर्टिफिकेट लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. ट्रान्सपोर्ट लायसन्स ५ वर्षांचं असतं, तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा, कारण मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची (गाडी धरून) मालाची गाडी चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. म्हणजे हेवी निघायच्या आधीच्या वर्षात पण पिकअप, छोटा हत्ती अशा गाड्यांवर हात बसवता येतो.

सगळीकडे अनुभव मागतात, अनुभव येणार कुठून?

हा खरा त्रास आहे आणि याला शॉर्टकट नाही. स्कूलमध्ये तुम्ही रिकामी गाडी चालवली, मोकळ्या रोडवर चालवली, आणि मालकाला माहिती असतं की भरलेली दहा चाकी म्हणजे २८.५ टनाचं धूड, ते थांबायला किती जागा घेतं हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. त्याची ३०-४० लाखाची गाडी, वर माल दुसऱ्याचा. तो घाबरणारच.

रस्ते तीन आहेत. एक, आयशर किंवा ४०७ अशा छोट्या ट्रकवर सहा महिने-वर्षभर लोकल मारायची, भिवंडीतले गोडाऊन, चाकणच्या कंपन्या, वाळूज, सातपूर, कुठेही, आणि मग दहा चाकीवर उडी घ्यायची. दोन, मोठ्या गाडीवर सेकंड ड्रायव्हर म्हणून जायचं, म्हणजे उस्ताद (गाडीचा मुख्य ड्रायव्हर) दिवसा चालवणार, मोकळ्या हायवेला तुम्हाला देणार, घाट आला की परत घेणार. तीन, ज्या कंपन्या स्वतःचं ट्रेनिंग देतात त्यांच्याकडे जायचं. भोसरीच्या सीआयआरटी (रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था) सारख्या ठिकाणचा रिफ्रेशर कोर्स केलेला असेल तर कागद बघून मोठ्या कंपनीत थोडा फरक पडतो, छोट्या शेठला त्याचं काही नाही, तो म्हणतो रिव्हर्स लावून दाखव.

सेकंड ड्रायव्हरला पगार कमी असतो, पोरं नाक मुरडतात. मी तरी हाच रस्ता सांगतो. फक्त उस्ताद कोण आहे ते बघा. तो दारू पिऊन चालवणारा असेल तर तुम्ही पण तेच शिकणार, किंवा त्याच्याबरोबर जाणार.

मोठी कंपनी चांगली की पाच-दहा गाड्यांचा मालक?

दोन्हीकडे चांगलं-वाईट आहे. मोठ्या कंपनीत पगार बँकेत येतो, पीएफ कापला जातो, गाडी बऱ्यापैकी नवीन असते, अपघात झाला तर वकील आणि माणूस पाठवायची सिस्टीम असते. पण जीपीएसवर बसलेला पोरगा दर अर्ध्या तासाने फोन करून विचारतो गाडी का थांबली, आणि सुट्टी पाहिजे तर अर्ज, मग त्याच्यावर अर्ज. काही कंपन्यांनी रिले पद्धत केली, रिव्हिगो नावाच्या ट्रान्सपोर्ट कंपनीने ती बरीच गाजवली होती, म्हणजे एक ड्रायव्हर काही तास चालवून ठरलेल्या ठिकाणी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि परतीची गाडी घेऊन घरी येतो. असं काम कुठे मिळालं तर नवीन माणसाला सोन्यासारखं आहे, कारण रोज तोच रस्ता, त्याचे खड्डे आणि वळणं पाठ होतात.

छोट्या मालकाकडे माणुसकी असते किंवा अजिबात नसते, मधलं काही नाही. तो स्वतः ड्रायव्हर होता का हे विचारा. स्वतः स्टिअरिंगवर बसलेला माणूस रात्री तीनला फोन करून "कुठं पोचला" एवढंच विचारतो, "अजून का नाही पोचला" असं विचारत नाही.

मार्केटमधून गाडी भरणारा मालक असेल, म्हणजे ज्याचं स्वतःचं कंपनीशी काँट्रॅक्ट नाही आणि ब्रोकरच्या फोनवर अवलंबून आहे, तर परतीचं भाडं मिळेपर्यंत तुम्ही दुसऱ्या राज्यात तीन-तीन दिवस पडून राहणार. त्या दिवसांचा भत्ता मिळतो का, हे आधी ठरवा. ट्रिपवर पैसे असतील आणि पडून राहिल्याचे काहीच नसतील तर महिन्याच्या ट्रिपाच होत नाहीत.

सुरुवातीला कुठला माल बरा?

कंटेनर. न्हावा शेवा बंदराची गाडी असेल तर गेटवर, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरचं कंटेनर यार्ड), पार्किंगला तासन्‌तास नंबर लावून बसायची तयारी ठेवा, कंटाळा येतो, पण माल सीलबंद असतो, ताडपत्री नाही, रस्सा नाही, गोणी मोजायची भानगड नाही.

कळंबोलीचं लोखंड नवीन माणसाने लगेच घेऊ नये. कॉईल (पत्र्याची अवजड गुंडाळी) नीट बांधली नाही आणि जोरात ब्रेक मारला तर ती केबिनकडे येते. बांधायला शिकवणारा कोणी सोबत असेल तर वेगळी गोष्ट.

टँकर पण नंतर. कोल्हापूर-सांगलीकडून मुंबईला येणारा दुधाचा टँकर असो की माहूल, पानेवाडीहून भरणारा पेट्रोल-डिझेलचा, आतलं द्रव हलतं आणि वळणावर गाडीला ओढतं, अर्धा भरलेला असेल तर जास्तच. पेट्रोल, गॅस, केमिकलला वेगळं तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर नोंद लागते, आणि ती नोंद ३ वर्षांचीच असते. पैसे बरे असतात, शिस्त पण चांगली असते, दोन वर्षांनी जरूर जा.

भाजीपाला आणि फळं. लासलगावचा कांदा, सावदा-रावेरची केळी. भाडं चांगलं, पण केळी दिल्लीला ठरलेल्या बाजाराला पोचलीच पाहिजे, मग झोप कसली. पहिल्या वर्षी नकोच.

डंपर, हायवा, म्हणजे खडी, वाळू, वणी-चंद्रपूरचा कोळसा. रोज घरी येता म्हणून पोरं जातात, पण खेपांवर पैसे असतात त्यामुळे गाडी पळवायची सवय लागते, आणि ओव्हरलोड तर विचारूच नका. कायद्याने डंपर आणि टँकरला स्पीड लिमिटर ६० चा आहे, तो जोडलेला आहे की काढून ठेवलाय ते बघितलं तरी मालक कळतो. उसाचा हंगाम म्हणजे चार-पाच महिने, पैसे उचलीवर, आणि शेतातून चिखलातून गाडी काढायला शिकता एवढं मात्र खरं.

डिझेलच्या ॲव्हरेजचं काय ते नीट सांगा ना, सगळे त्याचीच भीती घालतात.

सांगतो, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. मालक ट्रिपला डिझेल मोजून देतो. भिवंडीहून बंगलोर साधारण हजार किलोमीटर धरा. भरलेल्या गाडीला खरं ॲव्हरेज लिटरला ४ किलोमीटरचं पडत असेल तर २५० लिटर लागणार. मालक ४.५ धरून देतो, म्हणजे २२२ लिटर. वरचे २८ लिटर कुणाचे? तुमचे. नव्वदच्या भावाने अडीच हजार रुपये, एका बाजूचे.

आता ड्रायव्हर हे पैसे कसे वाचवतो? उताराला गाडी न्यूट्रल करतो. हे असं सुरू होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, हवा संपत जाते आणि मग कितीही पाय दाबा, गाडी थांबत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहिती आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने एकापाठोपाठ बऱ्याच गाड्या ठोकल्या. पेपरमध्ये ड्रायव्हरचं नाव येतं, ज्याने डिझेल मोजून कमी दिलं त्याचं येत नाही.

त्यामुळे विचारायचं, ॲव्हरेज किती धरता, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला वेगळं धरता का, घाटाच्या रूटला जास्त देता का, कमी पडलं तर कापता का. भरलेलं-रिकामं एकच आकडा सांगितला तर त्या माणसाला एक तर धंदा कळत नाही किंवा फार चांगला कळतो. काही मालक उलटं करतात, डिझेल वाचवलं तर बक्षीस देतात, कमी पडलं तर कापत नाहीत, फक्त कारण विचारतात. असा मिळाला तर सोडू नका.

ओव्हरलोड भरायला सांगितलं तर?

दंड २० हजार, आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. काट्यावर गाडी घ्यायला नकार दिला तर ४० हजार. कायदा गाडी चालवणाऱ्याला पण धरतो, चालवायला लावणाऱ्याला पण. २०१८ मध्ये सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, दहा चाकी २५ टनावरून २८.५ वर गेली, तर लोकांनी त्याच्या वर भरायला सुरुवात केली.

मालक म्हणेल दंड मी भरतो. भरेल पण. पण घाटात ब्रेक लागला नाही तर तिथे तो नसतो. पहिल्या कंपनीबद्दल माझी अट एवढीच, की अंडरलोड, म्हणजे मर्यादेच्या आत भरून, गाडी चालवणारी असावी. अशा कंपन्या आहेत, मोठ्या कारखान्यांचा माल उचलणाऱ्या बऱ्याच जणांना कारखानाच जास्त भरू देत नाही, गेटवर काटा असतो. त्यांच्याकडे जा. मार्केटमध्ये फिरणाऱ्या गाड्यांपेक्षा तिथे शिकायला निवांत मिळतं.

रात्री किती चालवायला लावतात? झोप मिळते का?

१९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यापासून दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ असं लिहिलेलं आहे. लाईनवर हे कोण पाळतं ते तुम्हीच कुठल्या पण ढाब्यावर विचारा. त्यामुळे कायदा काय म्हणतो यापेक्षा कंपनी पोचायची वेळ कशी धरते ते विचारा. ई-वे बिलाचा (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाईन कागद, त्याला मुदत असते) हिशोब दिवसाला २०० किलोमीटरचा आहे, म्हणजे हजार किलोमीटरला पाच दिवस मिळतात, आणि मुदत वाढवून पण घेता येते. बिल संपतंय म्हणून पळव असं कोणी म्हणालं तर बहुतेक वेळा गाडीच उशिरा भरली होती आणि आता तो उशीर तुमच्या झोपेतून काढतायत.

हजार किलोमीटरला एकटा ड्रायव्हर पाठवतात की दोन, हे विचाराच. आणि केबिन बघा. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे, जुन्या गाड्यांना नाही. मे महिन्यात विदर्भातून दुपारी जाणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको.

अपघात झाला तर कंपनी सोडून देते का?

काही देतात. म्हणून जॉईन होताना जुन्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारा, मागच्या वेळी कुणाचा अपघात झाला तेव्हा शेठ आला होता का, जामीन कुणी केला, घरी पैसे दिले का. मालकाला विचारून उपयोग नाही, तो म्हणणारच आम्ही आहोत ना.

तुमचं काम कायद्याने असं आहे: जखमीला दवाखान्यात न्यायची व्यवस्था करायची आणि पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत कळवायचं. पब्लिक मारायला उठली असेल तर तिथे थांबून मार खा असं कायदा म्हणत नाही, जवळच्या पोलीस स्टेशनला जा. जानेवारी २०२४ चा संप आठवत असेल, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या, तो याच्यावरच होता, न कळवता पळून गेलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम. १ जुलै २०२४ ला बाकीची न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं होतं.

आणि इन्शुरन्स. गाडीवर १५ लाखाचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर आहे असं मालक दाखवतो, ते मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी असतं, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. तुमच्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा आहे, पण त्यासाठी तुम्ही त्या गाडीवर कामाला होता हे सिद्ध करावं लागतं. पगार रोखीत, कागद काहीच नाही, मग घरच्यांनी काय दाखवायचं? म्हणून पगारातला थोडा तरी भाग बँकेत घ्या.

सवारी बसवू नका, हे पण इथेच सांगतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी कुणालातरी केबिनमध्ये घेता आणि काही झालं तर त्या माणसाचं इन्शुरन्स देत नाही.

पीएफ, ईएसआय मागावं का?

मागा. २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो, १० असतील तर ईएसआय (आजारपण-दवाखान्याचा सरकारी विमा), २१ हजारापर्यंत पगार असेल तर. गाडीला हात लावायच्या आधी यूएएन नंबर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) आला का बघा, नंतर कोणी देत नाही. पाच गाड्यांच्या मालकाकडे हे मिळणार नाही, तिथे मग स्वतः अपघात विमा काढा, बँकेतल्या खात्यावर निघतो, स्वस्त असतो.

जॉईन होताना ओरिजिनल लायसन्स ठेवून घेतात, कोरा चेक मागतात. देऊ का?

नाही. झेरॉक्स द्या. लायसन्स तुमच्या खिशात नाहीतर डिजीलॉकरमध्ये. जो ओरिजिनल ठेवतो तो तुम्हाला सोडून जाता येऊ नये म्हणून ठेवतो, दुसरं काही कारण नसतं.

उचल पण तशीच. लग्न आहे, घरचं छप्पर आहे, पैसे लागतात हे मान्य, पण जॉईन व्हायच्या दिवशीच ५० हजार उचलले की पुढे ओव्हरलोडला नाही म्हणायची सोय राहत नाही. घेतलीच तर वहीत लिहून, दोघांची सही, आणि महिन्याला किती कापणार ते पण लिहून.

शेठ म्हणतो दोन वर्षांत गाडी तुझ्याच नावावर करतो, हप्ते भर. घेऊ का?

नवीन माणसाने नाही. जुनी गाडी असते, फायनान्स अर्धं बाकी असतं, भाडं तोच आणून देणार, कमिशन तोच कापणार, टायर आणि इंजिनचं काम तुमच्यावर. दोन महिने भाडं कमी मिळालं की हप्ता थकला म्हणून गाडी परत, भरलेले पैसे गेले. स्वतःची गाडी घ्यायचीच असेल तर आधी तीन-चार वर्षं चालवा, ब्रोकरांची ओळख होऊ दे, मग स्वतःच्या नावावर लोन काढून घ्या, आरसी बुक तुमच्या नावाचं.

एका कंपनीत किती दिवस काढावे?

वर्षभर तरी. पावसाळ्यातला घाट, उन्हाळ्यातले टायर, दिवाळीच्या आधीची गर्दी, हे सगळं एका चक्रात बघून होतं. एसटीत जायचं असेल तर भरतीला अवजड वाहनाचा अनुभव मागतात, त्यामुळे अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घेऊनच सोडा. भांडून सोडलं तर ते पत्र मिळत नाही, म्हणून शेवटच्या महिन्यात जीभ आवरा. आणि हो, पगार थकवला किंवा दारू पिलेल्या उस्तादाबरोबर बसवलं तर वर्ष वगैरे काही बघायचं नाही, त्याच दिवशी निघा.

थेट दुबईला गेलो तर?

तिथे इथलं लायसन्स चालत नाही, तिथली हेवीची टेस्ट वेगळी द्यावी लागते आणि बहुतेक ठिकाणी आधीचा अनुभव विचारतात. जायचंच असेल तर ई-मायग्रेटवर नोंद असलेला एजंट आहे का बघा, त्याला जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेता येते. लाख-दीड लाख मागणारा एजंट म्हणजे गडबड.

उद्या ट्रायलला बोलावलंय. काय बघतात?

चालवणं नंतर बघतात. आधी गाडीला चक्कर मारता का ते बघतात. टायरवर हात मारून बघा, व्हील नट, लाईट, डिझेल टाकी, बीएस ६ गाडी असेल तर डीईएफची (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) लेव्हल, हवेचं प्रेशर भरेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. मग रिव्हर्स लावायला सांगतील, बहुतेक अरुंद गोडाऊनच्या फाटकात. आरशात बघा, दिसलं नाही तर खाली उतरून बघा, दोनदा उतरलात तरी चालेल, कोणी हसलं तर हसू दे. उताराला गेले तर चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा रोध वाढवून वेग कमी करणारा) कुठे आहे ते निघायच्या आधीच विचारून घ्या.

आणि त्यांची ट्रायल चालू असताना तुमची पण चालू असू दे. देतायत ती गाडी गोटा (झिजून गुळगुळीत झालेल्या) टायरवर आहे का, हँडब्रेक लागतो का, आणि बाजूला बसलेला माणूस सीटबेल्ट लावतो का. जेवायच्या सुट्टीत अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांत जाऊन बसा आणि एकच विचारा, मागच्या महिन्याचा हिशोब झाला का.